आमच्या घरची खायची माती

दर रविवारी सकाळी आमच्या घरात काहीतरी घडतं. सोमवारी मी ते फोनवर पुण्याच्या बहिणीला सांगते आणि ती म्हणते, "अगं मंजिरी, हे लिहून का ठेवत नाहीस?" मी हो म्हणते आणि ठेवत नाही. असं तीन वर्षं चाललं. परवा बहीण दिल्लीला आली, तेव्हा तिनेच सगळे किस्से माझ्या जावेला सांगितले आणि तेही चुकीचे. जिराफाच्या जागी तिने माकड घातलं. म्हटलं, आता मात्र लिहायलाच हवं.

आधी हे सुरू कसं झालं ते सांगते.

आम्ही दिल्लीत, द्वारका भागात राहतो. नवरा नीलेश केंद्र सरकारच्या नोकरीत. मुलगी मुक्ता तेव्हा तीन वर्षांची होती. कुणाच्या तरी वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून रंगीत क्लेची डबी मिळाली. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत मुक्ताने त्यातला निळा रंग निम्मा खाल्ला होता. दात निळे, जीभ निळी. मी तिला तशीच उचलली आणि डॉक्टरीणबाईंकडे पळाले.

डॉक्टरीणबाई वयस्कर आणि एकदम शांत. त्यांनी डबीवरचं बारीक अक्षरांतलं सगळं वाचलं, मुक्ताचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "इससे कुछ नहीं होगा. लेकिन ये बच्ची फिर खाएगी. मैं शक्ल देख के बता रही हूँ."

"तो क्या करें?"

"बच्ची तो बदलेगी नहीं. आप मिट्टी बदल दीजिए."

म्हणून मी घरीच खायची माती करायला लागले. पहिल्यांदा इंटरनेटवर वाचून भरपूर मीठ घातलेलं पीठ केलं. मुक्ताने ते चाटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला फसवलंच होतं. दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. मैदा मंद आचेवर चांगला भाजून घ्यायचा, त्यात दुधाची पावडर, पिठीसाखर, तूप आणि लागेल तसं दूध. मऊसूत गोळा होतो. गुलाबी रंगाला बीट, पिवळ्याला हळद, हिरव्याला पालक.

त्या दिवशी मुक्ताने दुपारभर बसून प्राणी केले आणि टेबलावर बशीत मांडून ठेवले. संध्याकाळी नीलेश ऑफिसातून आला, चहा घेतला, पेपर उघडला. थोड्या वेळाने मुक्ता बाहेर आली.

"बाबा, माझा हत्ती कुठे गेला?"

नीलेशने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं पेढा आहे," तो म्हणाला.

मुक्ता रडेल असं आम्हाला दोघांनाही वाटलं. तिने विचारलं, "कसा लागला?"

"छान होता गं. वेलची हवी होती."

ती समाधानाने आत गेली. ती गेल्यावर नीलेश हळूच म्हणाला, "अगं, मी दोन खाल्ले. पिल्लूपण."

* * *

आमच्या वर चौथ्या मजल्यावर शबाना शेख राहते. मूळची सोलापूरची, तीही सरकारी नोकरीत. तिचा झैद मुक्तापेक्षा वर्षाने मोठा. दोन्ही घरांत मराठीच बोलतात, पण मुलं दिल्लीत वाढलेली. लिफ्टच्या बाहेर पाऊल पडलं की हिंदी सुरू. रविवारी झैद खाली यायला लागला आणि आमच्या मातीचा वर्गच झाला.

एकदा मी मोठी परात खाली सतरंजीवर ठेवली, त्यात मैदा चाळला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. त्या दिवशी दूध संपलं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी आत जाता जाता म्हणाले, "मुलांनो, पीठ भिजवायला घ्या, मी आलेच."

परत आले तर परातीतलं पीठ कोरडं ठणठणीत. मुक्ता मात्र मानेपासून कमरेपर्यंत ओलीचिंब, फ्रॉकमधून पाणी ठिबकतंय. ती रडत नव्हती. काहीतरी शास्त्रशुद्ध चाललंय अशा चेहऱ्याने उभी होती. मागे झैद, हातात रिकामा तांब्या.

"अरे, हे काय केलंस?"

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, पीठ भिजवा," झैद म्हणाला. मग त्याने टी-शर्ट वर केला, माझ्याकडे पाठ करून वाकला आणि म्हणाला, "मुक्ताची झाली. आता माझी भिजवा."

संध्याकाळी शबानाला सांगितलं तर ती सोफ्यावर आडवी होऊन हसली. मग उठून म्हणाली, "हसतेय मी, पण वाईटपण वाटतंय गं. माझ्या पोराला पीठ म्हणजे काय ते माहीत नाही."

तेव्हापासून दर रविवारी एक शब्द ठरवला. चिमूट, लाटी, उंडा, पसा. मुलांना आवडायला लागलं. महिन्याभराने शबानाला शाळेतून निरोप आला. झैदने बाईंना विचारलं होतं, "मैम, चिमूटभर पानी पी के आऊँ?"

* * *

माझे सासरे, आप्पा, आमच्याकडेच असतात. ते कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसातून निवृत्त झाले. आयुष्यभर फायलींवर सही केलेला माणूस. सही अशी, की लोक कौतुकाने बघायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय लवकर सावरला, बोलणं सावरलं, पण उजवा हात सावरेना. चमचाही निसटायचा.

घरी पूजा नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तिने एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, "अंकल, दिन में सौ बार दबाना है." आप्पांनी तो चेंडू खिडकीत ठेवून दिला. मी एकदा हातात दिला तर म्हणाले, "मी काय लहान मूल आहे, चेंडू खेळायला?" त्यानंतर मी पुन्हा म्हटलं नाही. ते दिवसभर उजवा हात शालीखाली ठेवून बसायचे. कुणी आलं तर डाव्या हाताने नमस्कार करायचे, आणि मग कुणी येऊच नये असं त्यांना वाटायला लागलं.

एका रविवारी मुक्ता परातीपासून उठून सरळ त्यांच्या खुर्चीकडे गेली. "आजोबा, माझ्या जिराफाची मान पडतेय. जरा धरता?"

आप्पांनी डावा हात पुढे केला.

"तो नाही, दुसरा. या हाताने तुम्ही पेपर धरलाय ना."

आप्पांचा पेपर खरंच डाव्या हातात होता. त्यांनी शालीतून उजवा हात काढला आणि जिराफाची मान धरली. मान चेपली गेली. मुक्ता म्हणाली, "चालेल, परत करू." पुन्हा चेपली. पुन्हा केली. त्या दिवशी आप्पा जेवायला उशिरा आले.

मग रोज दुपारी मुक्ता शाळेतून आली की दोघं जिराफ करायला बसायचे. मी डब्यात गोळा तयारच ठेवायची. पहिले जिराफ गाढवासारखे झाले. नंतरचे घोड्यासारखे. महिन्याभराने एकाची मान उभी राहिली.

दीड महिन्याने पूजाने त्यांच्या पंजात आपली बोटं दिली आणि दाबायला सांगितलं. ती चकितच झाली. "अंकल, ग्रिप तो बहुत अच्छी हो गई. कौन-सी एक्सरसाइज़ कर रहे हैं आजकल?"

आप्पा गंभीरपणे म्हणाले, "अभी तो जिराफ. अगले हफ्ते से ऊँट शुरू करेंगे."

* * *

नोव्हेंबरमध्ये धुरकं इतकं वाढलं, की शाळा बंद करून ऑनलाइन वर्ग लावले. खिडक्या घट्ट बंद, समोरचा टॉवर दिसेना, पोरं घरात कोंडलेली. मुक्ता तेव्हा पहिलीत होती. बाईंनी सांगितलं, सगळ्यांनी घरी सूर्यमाला करा आणि कॅमेऱ्यावर दाखवा.

आम्ही अर्थातच आमच्याच मातीची केली. हळदीचा सूर्य, बिटाचा मंगळ, कोकोचा गुरू, त्याच्या शेजारी शनी आणि त्याला शेवेचं कडं. पृथ्वीला निळा रंग हवा होता, तो जमेना. म्हणून ती सगळीच पालकाची केली. सगळे ग्रह एका ताटात मांडले आणि मुक्ता लॅपटॉपसमोर बसली. मी आत भाजी चिरत ऐकत होते.

आमचं आडनाव वाघमारे. हजेरीत शेवटून दुसरं. बाई एकेका मुलाला बोलवत होत्या, मुलं थर्माकोलचे गोळे दाखवत होती. पाऊण तास गेला असेल. शेवटी आवाज आला, "मुक्ता बेटा, अपना सोलर सिस्टम दिखाओ."

ताट सरकल्याचं ऐकू आलं.

"बेटा, प्लेट तो खाली लग रही है. जुपिटर कहाँ है?"

"मैम, खा लिया."

"सैटर्न?"

"वो तो पहले ही खा लिया था. उसमें सेव थी."

मी हात पुसत बाहेर धावले. स्क्रीनवर तीस चेहरे तोंडावर हात ठेवून बसले होते. बाईसुद्धा हसू दाबत होत्या. "तो बेटा, कुछ बचा भी है?"

मुक्ताने ताट कॅमेऱ्यासमोर धरलं. "मैम, पृथ्वी बची है. उसमें पालक है."

* * *

सविताची आणि माझी ओळख संक्रांतीच्या हळदीकुंकवाला झाली. सातारा जिल्ह्यातल्या गावची. नवरा दत्तात्रय फौजेत हवालदार. त्याचं पोस्टिंग सीमेवर, आणि ही चार वर्षांच्या स्वराला घेऊन कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. हिंदी जेमतेम. हळदीकुंकवाला ती एका कोपऱ्यात बसली होती. मी शेजारी बसून विचारलं, "दिल्ली आवडली का?" तर म्हणाली, "ताई, दिल्ली अजून बघितली कुठं? खोलीच बघतीया." गावी परत जायचा विचार चाललाय, असंही म्हणाली.

मी तिला रविवारी बोलावलं. स्वराला घेऊन ऑटोने आली. मुलं परातीभोवती बसली, आणि ही दाराशी. चहा दिला तर कप विसळायला उठली. मी हाताला धरून बसवलं.

मुक्ता आणि झैद डायनासोर करत होते. स्वरा लाजून नुसतं बघत होती. तिला आत ओढायला म्हणून सविताने एक उंडा उचलला आणि मांडीवर ठेवून बोटं चालवायला लागली. दोन मिनिटांत तिने परातीच्या कडेला बैल उभा केला. शिंगं, वशिंड, गळ्याखालची लोंबती पोळी, खूर, सगळं. तो पुढचा पाय जरासा उचलून उभा होता.

झैदच्या हातातला डायनासोर खाली पडला. "काकू, ये कैसे किया?"

"आमच्याकडं बैलांच्या सणाला, बेंदराला करतात," सविता म्हणाली. "मातीचे. मी लहानपणी अख्ख्या आळीला करून द्यायची." आणि तिने दुसरा केला, कारण बैल एकटा ठेवत नाहीत म्हणाली.

आप्पा खुर्चीतून उठून बघायला आले. त्यांनी विचारलं, "गाय नाही करत?"

"गाईला वेळ लागतो, आप्पा. तिचे डोळे जमावे लागतात."

मुलांनी बैलजोडी ताटलीत ठेवली. खायला मात्र कुणी हात लावेना. तेवढ्यात स्वरा पहिल्यांदाच पुढे आली. तिने परातीतून पिठाचे दोन चिमुकले गोळे घेतले आणि एकेका बैलाच्या तोंडासमोर ठेवले.

"हे काय गं?" मी विचारलं.

"पेंड," स्वरा म्हणाली.

झैदने बैलाकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं, पुन्हा बैलाकडे पाहिलं. "पण काकू," तो काळजीने म्हणाला, "ये तो ख़ुद को ही खा रहे हैं."

सविता पदर तोंडाशी धरून हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. जाताना दाराशी चपला घालत मला म्हणाली, "ताई, पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"

गावी जायचं मग राहूनच गेलं.

* * *

झैद सात वर्षांचा झाला तेव्हा त्याने पहिला रोजा ठेवला. दिवस नेमका रविवार. मी शबानाला म्हटलं, "आज माती नको करूया. गोड वास येतो, पोराची परीक्षा कशाला?"

शबाना म्हणाली, "मीही तेच म्हटलं. तो ऐकत नाही. म्हणतो, मी नुसते हात लावणार."

आला. मळायचं सगळं काम त्यानेच अंगावर घेतलं. मुक्ता म्हणाली, "मग मीपण नाही खाणार." स्वराने आईने करून दिलेलं बदक ताटलीत परत ठेवलं. त्याची चोच आधीच गेली होती. दोन तास तिन्ही पोरांनी बोटसुद्धा चाटलं नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदा होत होतं.

बारा वाजता झैद मुक्ताला काहीतरी समजावून सांगत होता, रॉकेटला पंख कुठे लावायचे ते. बोलता बोलता बोटाला लागलेलं पीठ त्याने सवयीने तोंडात घातलं.

मुक्ता ओरडली, "झैद, रोजा."

त्याने बोट झटकन तोंडातून काढलं. मग जे रडू फुटलं त्याला, की आम्हाला आवरेना. आठवडाभर त्याने सगळ्या शाळेला सांगून ठेवलं होतं. मी वर फोन केला. शबाना पायऱ्या उतरून धावत आली, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मुद्दाम खाल्लंस का?"

त्याने हुंदके देत मान हलवली. "भूल गया था."

"मग नाही तुटला बेटा. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. तेवढा घास अल्लाहनेच तुला भरवला असं समजायचं."

"पक्का?"

"बिल्कुल पक्का."

झैदने बाहीने नाक पुसलं, दोन मोठे श्वास घेतले. मग ताटलीतल्या रॉकेटकडे बराच वेळ बघत राहिला.

"अम्मी," त्याने विचारलं, "एका दिवसात किती वेळा विसरता येतं?"

* * *

स्वरा दर रविवारी एकच वस्तू करायची. सविता बैल करो, मुक्ता जिराफ करो, स्वरा आपला गोळा घेऊन तळहाताने चपटा करायची, कडा बोटांनी सरळ करायची आणि चौकोन करायची. हाताच्या पंजाएवढा, जरा लांबट. त्यावर दोन मनुका आणि खाली एक रेघ.

मला वाटलं बिस्किट असेल. एकदा विचारलं, "स्वरा, हे काय आहे?"

"बाबा," ती म्हणाली.

मला कळेना. सविताने खाली बघत सांगितलं, "फोनवर बघती ना ताई. व्हिडिओवर." दत्तात्रय दहा महिने घरी आला नव्हता. रेंज असेल तेव्हा फोन, नसेल तेव्हा तोही नाही.

मार्चमध्ये त्याला रजा मिळाली. त्या रविवारी तिघं आली. दत्तात्रय उंच, मिशीवाला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आप्पांच्या पाया पडला आणि सतरंजीवर मुलांच्या ओळीत मांडी घालून बसला. स्वरा आईच्या मागे, पदर घट्ट धरून.

स्वयंपाकघरात सविता मला हळू आवाजात म्हणाली, "तीन दिवस झाले ताई, जवळ जाईना. काल त्यांच्याच पुढं मोबाईल घेऊन आली आन् मला म्हणाली, बाबाला फोन लाव."

"मग ते काय म्हणाले?"

"उठून गॅलरीत गेले."

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. स्वरा परातीशी जाऊन बसली होती, पण वडिलांपासून लांब, झैदच्या पलीकडे. तिने बिटाचा गुलाबी गोळा घेतला. चपटा केला. कडा सरळ केल्या. दोन मनुका लावल्या. काडीने रेघ ओढली.

दत्तात्रय बघत होता. त्याने वाकून हळूच विचारलं, "काय केलंस गं?"

स्वराने वर न बघता सांगितलं, "बाबा."

त्याने मनुकांकडे आणि रेघेकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "चांगला झालाय."

आता तिने वर बघितलं. त्याच्या तोंडाकडे बघितलं. हातातल्या चौकोनाकडे बघितलं. पुन्हा त्याच्या तोंडाकडे. झैद काहीतरी बोलणार होता, मुक्ताने त्याचा हात दाबला. सविता ट्रे हातात घेऊन तशीच उभी.

स्वरा उठली. परातीला वळसा घालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने तो चौकोन मधोमध मोडला. एक तुकडा आपल्या तोंडात टाकला, चावला, गिळला. दुसरा त्याच्या मिशीसमोर धरला.

"आ कर," ती म्हणाली.

दत्तात्रयने आ केला.